रीडिंग

लिफ्टच्या दारावर पिवळा चौकोन, त्यात काळ्या पंख्याची तीन पाती.
खाली जायचं, तळघरात.
चौतीस वर्षं मी असल्याच तळघरांतून, जिन्यांखालून
टॉर्च मारत लोकांचे मीटर वाचले,
नायगाव, भोईवाडा, शिवडी.
आज शलाका नावाची मुलगी हातात यंत्र धरून
माझ्यापासून एक मीटरवर उभी,
म्हणते, काका, हलू नका.

आकडा आधी एकोणीस होता.
मग पोटात टोचायची इंजेक्शनं, दर तीन महिन्यांनी.
थकबाकीदाराचं कनेक्शन तोडतात
तसा माझ्यातला पुरुष तोडला, फ्यूजही काढून नेला.
त्या जानेवारीत मी पंख्याखाली घामाने निथळायचो
आणि कुमुद, जिची पाळी जाऊन अठरा वर्षं झाली,
रात्री दोन वाजता म्हणाली, आता कळलं?
इतके हसलो आम्ही
की सावेबाईंनी पलीकडून भिंतीवर थापा मारल्या.

वर्षभर आकडा गप्प बसला. मग चढला.
नव्या स्कॅनमध्ये मणक्यात दिवे, खुब्यात दिवे,
डाव्या बाजूच्या एका बरगडीत एकच, बारीक.
अशी घरं मला ठाऊक आहेत.
दाराला कुलूप, मालक गावाला,
आणि जिन्याखाली मीटरचं चाक
काळी खूण घेऊन सावकाश फिरतंय.

डॉक्टर म्हणाले, नवीन औषध आहे,
दिवा बरोब्बर शोधतं, त्याच्या उंबऱ्यावर बसतं
आणि तिथूनच मारतं. लुटेशियम.
कुमुदने किंमत विचारली. म्हणाली,
नाव तरी प्रामाणिक ठेवलंय.
फंडातलं उरलंसुरलं, तिच्या पाटल्या, धाकट्याचा ओव्हरटाइम.

शिशाच्या डब्यातून सिरिंज आली, राजासारखी.
वीस मिनिटं. दुखलं नाही.
मला त्याचाच राग आला,
एवढ्या पैशांत थोडं तरी दुखायला हवं होतं.
मग पाणी प्या, पाणी प्या.
बसून करा काका, दोनदा फ्लश करा.
सत्तरीत मुतायला नव्याने शिकलो.
ते म्हणे वेगळ्या टाकीत साठवतात,
गटारात जायच्या लायकीचं व्हायला त्याला दिवस लागतात.
शलाकाने संध्याकाळी पुन्हा रीडिंग घेतलं,
वहीत लिहिलं, मान हलवली. घरी जा.
मी विचारलं, बिल कधी येईल?
ती हसली नाही. लहान आहे अजून.

घर म्हणजे चाळ पाडून मिळालेला तेविसावा मजला,
तीनशे चौरस फूट, त्यात सहा माणसं
आणि मोठ्या सुनेला पाचवा महिना.
कुमुदने ब्लाउजची टेप काढली,
शिवणकामाच्या खडूने फरशीवर रेघ मारली.
आतली खोली माझी. एक ताट, एक तांब्या, एक टॉवेल.
तोंड कोरडं, भाताला कागदाची चव.
बाकीचे पाच बाहेर एकमेकांना चिकटून झोपले.
उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तसे.

मिहिका चार वर्षांची. दारातून ओरडली,
आजोबा, तू रात्री चमकतोस का?
दिवे घालवून बघितलं तिने रेघेपलीकडून, डोळे ताणून.
नाही चमकत, म्हणाली, आणि रुसली.
मलाही जरा वाईटच वाटलं.

पुढचा डोस सहा आठवड्यांनी. आकडा त्याआधी कळेल.
खाली उतरेल, म्हणतात. काहींचा उतरतो.
माझी रीडिंगं मी कधी अंदाजे भरली नाहीत,
तेव्हा आजही भरत नाही.

कुलूप असलं की आम्ही दाराखालून चिठ्ठी सरकवायचो:
घर बंद होतं, रीडिंग घेता आलं नाही, कृपया कळवावे.
चौथ्या रात्री माझ्या दाराखालून कागद सरकला.
एक ते दहा, पेन्सिलीने,
सात उलटा, नऊ नाहीच.
फोनचा टॉर्च लावला, चष्मा कपाळावर चढवला,
वाकलो, खुबा ठणकला,
आणि जुन्या सवयीने
उजवीकडून डावीकडे, एकेक आकडा
नीट वाचून काढला.