दोर ओढतो

चिआतुरात सकाळी साडेसहाला
धुकं नदीवर बसून असतं, उठायचं नाव नाही.
मी डब्याचं दार लावते, घंटी देते,
वरून झुझुना चाक फिरवते
आणि दोर आम्हाला ओढायला लागतो:
मला, दोन खाणकामगारांना, पिशवीतल्या एका कोंबडीला.

सव्वीस वर्षं हाच पल्ला. सहा मिनिटं.
सव्वीस वर्षं पल्ल्याला एक सिगारेट.
हिशेब मी कधी केला नाही.
तो छातीनं केला, गेल्या महिन्यात,
वीज गेली आणि डबा खालच्या फलाटावर मुका पडून राहिला,
गाव पायऱ्यांनी वर निघालं, त्या दिवशी.
दोनशेव्या पायरीवर मी कठड्याला धरून उभी,
टोपलीतल्या माशासारखं तोंड उघडं,
आणि ब्याऐंशी वर्षांची एतेरी
एका हातात तिचे बटाटे, दुसऱ्या हातात माझी पिशवी,
वर पोचून म्हणते कशी,
‘ये त्सिआला, हळूहळू ये. मी आहे इथे.’

त्या ‘हळूहळू’चा राग आला म्हणून सोडली.
लोकांना सांगते, तब्येतीसाठी.

पहिला दिवस सोपा गेला.
रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते सोडतो.
दुसऱ्या दिवशी हातांनी बंड केलं.
सुटे पैसे मोजले, पुन्हा मोजले,
खिशात जाऊन सूर्यफुलाच्या बिया घेऊन आले,
तोंड म्हणालं, ही कसली थट्टा?
तिसऱ्या दिवशी मी एका खाणवाल्यावर ओरडले
कारण तो श्वास घेत होता.

आज चौथा.
बाद्री चढला, कोटाला ताजा धूर.
त्या कोटाशेजारी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.
त्याला वाटलं असेल, बाई या वयात बिघडली.

ती चढते तिकीट न काढता.
दार लावता लावता आत शिरते,
पहिल्या खांबापर्यंत गप्प, मांडीवर हात ठेवून.
मग मध्यावर,
जिथे दोर सगळ्यात जास्त लोंबतो
आणि खाली क्विरिला काळीशार वाहते,
डबा एकदा डुलतो
आणि ही उठून माझी कॉलर धरते:
एकच. अर्धी. झुझुनाकडे आहे, तुला माहितीय.

मी खिडकीचा दांडा धरते, बोटं पांढरी होईपर्यंत.
मध्यावर कुणालाच उतरता येत नाही.
मला नाही,
तिलाही नाही.
या नोकरीनं एवढंच शिकवलं, तेही आत्ता.

इतकी वर्षं म्हणत आले, मी ओढते.
ओढत तीच होती.
मी नुसती लटकलेली.

दुसरा खांब. चाकांची खडखड.
कपारीतली कबुतरं, मग झुझुनाचा लाल स्वेटर,
मग तिच्या बोटांत, जळती.
मला बघून ती पाठीमागे लपवते,
जणू मी शाळेतली बाई.
तिच्या डोक्यामागून धूर वर येतो, दोघी तो न पाहिल्यासारखं करतो.
दार उघडते. खाणवाले उतरतात, कोंबडी उतरते,
तीही उतरते, पाय ओढत.
खालच्या फेरीला पुन्हा असणार.
असू दे. फेऱ्या बावीस आहेत,
सात झाल्या.

संध्याकाळी एतेरी चढली, भिंतीसारखी ताठ.
नाक वर करून इकडे तिकडे हुंगलं.
‘आज डब्यात वास कसला येतोय गं?’
‘कसलाच नाही,’ मी म्हटलं.
‘हां,’ ती म्हणाली, ‘तोच.’
आणि तिची पिशवी न विचारता माझ्या हातात दिली.

बटाटे. चांगले पाच किलो.
मी दुसऱ्या हातानं घंटी दिली.