पाझर थांबल्यावर

बांबोळी, वॉर्ड सहा, खिडकीजवळची खाट.
सोयरू खोलकर, वय अडुसष्ट, राहणार चोडण.
रविवारी पहाटे न्हाणीघरात उलटी झाली.
बायकोला वाटलं, रात्रीची सोलकढी असेल.
मग तिने दिवा लावला.

चार पिशव्या रक्त चढवलं.
मी दुर्बीण घातली:
अन्ननलिका स्वच्छ. जठर स्वच्छ.
दोष द्यायला एखादा जुना व्रणसुद्धा नाही.
आतड्याच्या पहिल्या वळणावर पित्त,
सोनेरी, निरागस.
दुसऱ्या वळणाशी माझी दुर्बीण संपते.
बहुतेकांचं दुखणं त्याआधीच सापडतं,
म्हणून आपण धरून चालतो
की त्यापुढे दुखणं राहतच नाही.

सोमवारी रक्त नाही. मंगळवारी नाही.
हिमोग्लोबिन नऊवर टिकलेलं.
आमच्या शेणवीने केसपेपरवर लिहिलं,
रक्तस्राव थांबला. उद्या घरी.
खाली माझी सही व्हायची होती.
पेनाचं टोपण काढून झालं होतं.

"घरी काय करता?"
नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.
"मानस राखतों."
मी मडगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेली,
मानस म्हटलं की मला मन आठवतं.
तो हसला. सलाईनचा हात सांभाळत
दुसऱ्या हाताने चादरीवर बांध घातला,
बांधात एक दार,
दाराच्या अल्याड भात, पल्याड मांडवी.
भरती आली की फळ्या आपसूक मिटतात,
ओहोटीला उघडतात.
चाळीस वर्षं तो त्या दाराशी बसतोय,
त्याआधी बाप.

"बांधाक कुर्ली भोक पाडता, बाय.
बोटाएवढं. एका भरतीला पाणी झिरपतं,
मग आत चिखल बसतो, बंद.
नवा माणूस म्हणतो, बरं झालं.
एकदां पाजरून रावलें जाल्यार
न्हिदूंक फावना."

झिरपून थांबलं, तर झोपायचं नसतं.
पुढच्या उधाणाला बांध जातो.

तो खोकला. चादर सरकली, बांध मोडला.
पोटावरची उभी रेघ मी रविवारीही पाहिली होती.
सगळ्यांनीच. कागदावर आलीही होती:
जुन्या शस्त्रक्रियेची खूण.
कसल्या, ते कुणी विचारलं नव्हतं.
"ही?"
"बेळगावात. स वर्सां जालीं.
मोठी शीर फुगलेली, म्हणून आत नळी शिवली.
कापडाची, म्हणाले."

कापडाची.
आणि तिच्यावरूनच आडवं जाणारं आतडं,
तिसरं वळण, पातळ, मऊ,
सहा वर्षं, दिवसाला लाखभर ठोके,
धक्क्याला बांधलेल्या होडीची कड घासते तसं.
रक्त थांबलं नव्हतं.
चिखल बसला होता.

टोपण लावलं. धावत जिना उतरले,
लिफ्टची वाट पाहवेना.

संध्याकाळी सहाला रेडिओलॉजीच्या अंधारात
महारोहिणी पांढरी उजळली,
आणि नळीच्या कडेला तीन काळे ठिपके,
मोहरीएवढे.
हवा.
कुलासो खुर्चीत पुढे सरकला.
रक्ताच्या शेजारी हवेचं काय काम,
हे त्याने विचारलं नाही, मीही नाही.
एवढंच म्हणाला, "त्याला खाटेवरून उतरू देऊ नकोस."

मग फोन. सर्जन, भूल, रक्तपेढी.
दहा पिशव्या, आणखी दहा हाताशी.
बायकोने विचारलं, "थांबलं होतं ना?"
मी म्हटलं, "हो."
आणि पुढचं वाक्य जुळेपर्यंत
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

स्ट्रेचरवरून जाताना तो तिलाच काही सांगत होता,
उत्तरेच्या कोपऱ्यात माती कमी आहे,
दुल्बाला सांग, आज अवस,
पाणी चढेल.

रात्री दोनला भरती होती, म्हणे.
त्या वेळी ते सगळे आत होते,
मी काचेबाहेर, खिशात तो न सही केलेला कागद.
चोडणात दुल्बा कंदील घेऊन बांधावर.
कुणीच झोपलं नव्हतं.