जुळारी

झंखनाबेन पत्त्यांसारखी कार्डं मांडतात टेबलावर.
प्रत्येकावर एक हात. मनगटापासून पुढचा,
कुणाचा कोण जाणे.
‘डाबो के जमणो, काका? जल्दी.’
दोन सेकंद. चार. सात.
तो हात आधी मनातल्या मनात
स्वतःच्या खांद्याला लावून बघावा लागतो मला,
आणि उजवा लावताना दुखतं.
चित्रातला हात. कागदावरचा.

रावपुऱ्यात एकतीस वर्षं खिळे जुळवले मी.
लग्नपत्रिका, हँडबिलं, तेराव्याची कार्डं,
दांडिया बाजारातल्या मंडळाचे अहवाल;
मराठी एका केसमध्ये, गुजराती दुसऱ्या.
उलट्यात ह्रस्व वेलांटी दीर्घ दिसते, दीर्घ ह्रस्व.
नवी पोरं चकायची, मी नाही.
न बघता रफार काढायचो त्याच्या घरातून.
आणि आता आपलाच हात
डावा की उजवा, सांगता येईना.

पडलो सूरसागरच्या वळणावर, स्कूटरवरून.
तेही उभ्या स्कूटरवरून. हसू नका.
सहा आठवड्यांत हाड जुळलं.
सयाजीतल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला:
पांढरी, स्वच्छ, बिनचूक हाडं,
थेट छपाईला पाठवावीत अशी.

दुखणं राहिलं.
पंख्याचा वारा लागला तरी आग होते.
डोळे मिटले की कळतं, सगळा देह
आठ पॉइंटात बसवलाय कुणीतरी, गिचमिड,
आणि हात तेवढा बहात्तरचा,
नाटकाच्या जाहिरातीला लागायचा तसला लाकडी ठसा,
पानाबाहेर चाललेला.
डोळे उघडावेत तर एवढासा. सूजसुद्धा नाही.

रात्री म्हणालो, ‘त्याला जरा उशी दे.’
कुमुदिनी म्हणाली, ‘कुणाला?’

डोक्यातही सांडलंय काहीतरी.
पेपरातली एकच ओळ तीन तीनदा.
खंडेराव मार्केटात सुट्टे मोजताना
सतरावर अडकतो, मागे भय्या खोकतो.
उजवीकडचं जग जरा लांब गेलंय.
चौकट खांद्याला लागते.
ताटातली डावी बाजू चाटूनपुसून साफ,
चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोडसुद्धा;
भाजी तशीच.
‘आवडली नाही का?’
‘दिसली नाही.’
तिला पटत नाही. पटेल कसं, मलाच पटत नाही.

जमणो म्हणजे जेवायचा हात.
मी डाव्यानं, चमच्यानं जेवतो सध्या.
मग माझा जमणो कुठला, झंखनाबेन?
त्या हसतात, आणि मध्येच थांबतात.

आज त्यांनी आरसा काढला. मधोमध उभा केला.
उजवा त्याच्या मागे, अंधारात. डावा पुढे.
आरशात एक उजवा हात उघडतो, मिटतो,
पाण्याचा ग्लास उचलतो,
त्याला काही म्हणजे काही होत नाही.
त्याच्या वर, भिंतीवरची पाटी उलटी पडलेली.
चप्पल बहार उतारो, मी घडाघडा वाचतो.
‘केवी रीते, काका?’ बेन वळून बघतात.
काय सांगणार.
पाटी वाचता येते.

डाव्यानं जन्मभर स्टिक धरली,
खिळा कधी उचलला नाही.
तोच आता आरशात उजवा होऊन
हवेतून एकेक खिळा उचलतोय,
अडाण्यासारखा, चिमूट चुकत,
आणि मी जुन्या सवयीनं त्याला मनात रागावतोय:
अरे, खाच वर. खाच वर ठेव.

तेव्हा मागे, अंधारात,
अंगठा हलला.
बहुतेक. की हलावा असं वाटलं नुसतं.
बेननी मंगळवारी परत बोलावलंय.
प्रूफ अजून आलेलं नाही.