एका हाताची

गावच पाटीच्या दगडाचं.
छपरं त्याची, कुंपणं त्याची,
आणि वेल्श भाषेतली मेलेल्यांची नावंही त्याच्यावरच कोरलेली.

इद्वल तिथं एकवीस वर्षं सुरुंग लावत होता.
भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची,
भोंगा झाला की खोपीत शिरून आकडे मोजायचे.
एका मंगळवारी आकडे संपले
आणि काहीच झालं नाही.
तो बघायला गेला.

उजवा हात मनगटापासून डोंगराकडे राहिला.

कंपनीचा अहवाल आला, इंग्रजीत.
कामगाराची घाई, हे कारण प्लॉजिबल आहे.
त्यानं भाचीला विचारलं. तेगवेन तेव्हा अकराची.
शब्दकोश मांडीवर घेऊन ती म्हणाली, "पटण्याजोगं."
"कुणाला?"
ते शब्दकोशात नव्हतं.

दर हिवाळ्यात चॅपलच्या सभागृहात पोरं कविता म्हणायची.
म्हणून झाली की सगळं गाव टाळ्या वाजवायचं
आणि इद्वल बाही खिशात घालून
स्वतःच्या बुटांकडे बघत राहायचा.
एका हाताने टाळी वाजत नाही
हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तेगवेन आता बँगरला लॅटिन शिकवते,
सात मुलांच्या वर्गाला.
नाताळात आली, बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"मामा, एक्सप्लोड म्हणजे काय, सांग बघू."
"मला विचारतेस?"

मग तिनं सांगितलं.
रोममधला वाईट नट, आणि त्याच्यावर उसळलेले प्रेक्षक.
प्लाउदेरे म्हणजे टाळ्या पिटणं, एक्स म्हणजे बाहेर.
टाळ्या पिटून पिटून रंगमंचावरून हाकलणं,
ते एक्सप्लोड.
पुढं नाटक गळलं, नट गळला,
शब्द दारूच्या कोठारात शिरला.
अप्लॉज त्याचा सख्खा भाऊ.
आणि प्लॉजिबलही त्याच घरचा,
टाळ्यांच्या लायकीचं, असा त्याचा जुना अर्थ.

इद्वल बराच वेळ एकाच बटाट्याचे डोळे काढत बसला,
बटाटा कोपराखाली दाबून, डाव्या हातानं.
"म्हणजे मला हाकललं,
आणि टाळ्या साहेबांनी घेतल्या."
तेगवेननं नळ सोडला. बंद केला.

"आणि त्या प्लाउ-कशाचा, अगदी तळाचा अर्थ?"
"मारणं. थापटणं.
पक्षी पंखांनी करतो ते.
घोड्याच्या मानेवर थाप देतात ना, तेसुद्धा."
"किती हातांनी?"
ती हसली नाही.
"ते शब्दकोशात नाही, मामा."

जानेवारीत कार्यक्रम झाला.
ग्वेर्न, सात वर्षांचा, बुटाची नाडी सुटलेली,
तिसऱ्या ओळीवर थांबला.
थांबला तो थांबलाच.
बाई पडद्याआडून ओठ हलवत होत्या, त्याला दिसत नव्हतं.
कुणी खोकलं. पोराची हनुवटी थरथरायला लागली.

तेव्हा इद्वलनं डावा तळवा उचलला
आणि समोरच्या बाकाच्या पाठीवर हाणला.
एकदाच.

शंभर वर्षांचं ओक लाकूड. आवाज छतापर्यंत गेला.
मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या सुरुंगवाल्यांनी
सवयीनं माना आत घेतल्या
आणि ओठातल्या ओठात
मोजायला सुरुवात केली.