रात्रपाळी

चौतीस वर्षं मी बॉयलरसमोर बसलो
केमीच्या कागद गिरणीत.
काटा लाल रेघेकडे सरकायच्या आधीच
मला तळपायात कळायचं.
आता निवृत्त माणसाला पुन्हा रात्रपाळी लागली आहे:
आयलीच्या काखेखाली, बरगडीच्या उतारावर
पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी.

पिर्को नर्सनं दोनदा सांगितलं,
मी वहीत उतरवून घेतलं.
कातडी कोमट पाण्यानं धुवायची.
क्रीम नको, पावडर नको.
टिपायचं, घासायचं नाही.
मग पट्टी ठेवून तळहात
तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचा.
पहिल्या दिवशी मी साठपर्यंत गेलो.
"पुरे की रे, तौनो," ती म्हणाली,
"मी काही पाकीट नाही."

केमोनंतर तिच्या रक्तात राखणदार उरलेले नाहीत.
अडतीसच्या वर गेलं की थेट गाडी काढायची,
ओतलेली कॉफीसुद्धा प्यायची नाही.
फोन खिडकीच्या कट्ट्यावर, राईच्या पावाशेजारी.
छत्तीस सात.
छत्तीस सात.
छत्तीस आठ.
तिकडे औलूत मेरवीच्या फोनवरही तोच आकडा उमटतो.
"बाबा, आठ कसे झाले?"
"अगं, सूप प्यायली ती."

पाचव्या दिवशी बदलायची.
कोपऱ्यापासून, सावकाश, दुसऱ्या हातानं कातडी धरून,
आणि कडेकडेनं थेंबभर तेल.
लोक डोळ्यांत तेल घालून पहारा करतात म्हणे,
मी बोटांना लावून करतो.
खाली गुलाबी चौकोन उरतो,
भिंतीवरची तसबीर काढल्यावर उरतो तसा.
त्या जागेला पाच दिवस सुट्टी.
नवी पट्टी पलीकडे.

शनिवारी साउना नाही.
ती धग पट्टीला सोसत नाही, आयलीलाही.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
आमच्या धुराड्यातून शनिवारी धूर नाही,
तर शेजारचा काल्लेवी कुंपणाशी येऊन उभा,
टोपी हातात घेऊन.
"नाही रे बाबा, आहे ती," मी ओरडलो.
आयली आतून म्हणाली,
"त्याला म्हणावं, तुलाच न्यायला सांग साउनात,
वास यायला लागलाय तुझा."
मी गेलो नाही.

फेब्रुवारीतली ती रात्र.
बाहेर गोठलेला समुद्र मधूनच
लाकूड फोडल्यासारखा वाजत होता.
छत्तीस दोन.
छत्तीस दोन.
साडेबाराला मेरवीचा निरोप:
आईला आज शांत झोप लागलेली दिसते. तुम्हीही झोपा.
मी खरंच झोपलो.

तीनच्या सुमारास तिची टाच माझ्या पावलाला लागली
आणि मला तळपायात कळलं.

दिवा लावला.
तिच्या बरगडीवर नुसताच गुलाबी चौकोन.
पट्टी माझ्या दंडावर होती.
न धुतलेल्या, न टिपलेल्या,
केसाळ, म्हाताऱ्या दंडावर
तीस आकडे कुणीही न मोजता
घट्ट बसलेली.
अर्धी रात्र बाप आणि लेक
दोन गावांत दोन फोन धरून
माझाच ताप बघत होतो
आणि निर्धास्त होतो.

काचेचा थर्मामीटर बटणांच्या डब्यात सापडला.
अडतीस चार.
तिला कोट, त्यावर माझा कोट.
काचेवरचं बर्फ खरवडायला
हाताला लागलं ते घेतलं, बहुतेक लोण्याची सुरी.
बाहीखालची पट्टी काढायची राहूनच गेली.

पुलावर तिनं डोळे न उघडता विचारलं, "किती आहे?"
मी खिशातला फोन बघितला.
"सदतीस एक."
"कुणाचा?"
"माझा."
थोडा वेळ नुसताच टायरखाली बर्फ करकरला.
"मग जरा हळू चालव," आयली म्हणाली.