जोड

नागमणी, तुझा डावा कान मी मोडला.
पेपरात आलं, हरियाणाच्या कॅम्पात मोडला.
येऊ दे. तो सोलापुरात, अशोक चौकामागच्या शेडमध्ये मोडला,
जिथे आधी आठ माग चालायचे
आणि नंतर वस्तादांनी मॅट अंथरली,
फाटलेल्या कडेला जुनी चादर शिवून.
चादरीवरचा मोर दर धडकेला थोडा सरकायचा.

तू त्रेपन्न किलोची, मी पंचावन्न.
एवढ्याच कारणानं मी तुझी जोड.
सहा वर्षं, रोज पहाटे पाचला
तू मला पाडलंस.
हिशेब कोणी ठेवला नाही. तुझी आई ठेवू शकली असती,
हजार विड्या न बघता मोजायची ती,
आणि कारखान्यातल्या चेकरनं पन्नास छाट काढली
की पदर झटकून उठायची, तेलुगूत त्याच्या सात पिढ्या काढत.
तुझ्या अंगाला तंबाखूचा वास यायचा.
अजून कुठे तो वास आला की माझी पाठ आपोआप कडक होते,
हनुवटी छातीला लागते.

बोरामणीच्या जत्रेत पहिला फड.
मुलीच नव्हत्या, म्हणून कुणा पैलवानाच्या भाच्याशी लावली.
हलगी एकदम थांबली तेव्हा मला वाटलं, तू पडलीस.
तू त्याला चीत करून
त्याच्याच पाठीवरची माती झटकत होतीस.
पाचशे रुपये, एक नारळ.
नारळ आपण एसटी स्टँडवर फोडला, दगडावर,
पाणी सगळं सांडलं.

मग जिल्हा, मग राज्य, मग तू गेलीसच.
मी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात,
दिवसाला चारशे टॉवेलांच्या कडा दुमडते.
रडगाणं नाही हे.
कुणीतरी रोज पडल्याशिवाय
कुणाला पाडायला शिकता येत नाही, एवढंच.

एक गोष्ट राहिली.
एकेरी पट काढायच्या आधी
तुझी उजवी टाच उचलायची.
बोटभर. अर्ध्या श्वासाएवढा वेळ.
मला चौदाव्या वर्षीच कळलं होतं.
वस्तादांना दिसलं नाही, त्यांना मोतीबिंदू होता.
मी बोलले नाही.
त्या एका टाचेवर मी
दहातल्या एखाद्या कुस्तीत उभी राहायचे.
सगळंच कसं देऊन टाकायचं, सांग?

लखनौची सेमीफायनल मी जेवणाच्या सुट्टीत पाहिली.
आम्ही सात जणी, एक मोबाईल, मध्ये शेंगाचटणीचा डबा.
तीन-शून्य, तू पुढे. चाळीस सेकंद उरलेले.
समोरची पोर तुझ्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती.
खाली पाहत होती.
माझा घास हातातच राहिला.
टाच उचलली.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. गुडघा, मुंबईचं ऑपरेशन,
दोन वर्षांनी परत, ब्राँझ,
रेल्वेतली नोकरी, सत्कारात आलेल्या अकरा चादरी,
त्यातली एक तू माझ्या आईला दिलीस.
ती अजून वापरत नाही. पेटीत ठेवलीय.

आज तुझ्या शेडमध्ये अठरा पोरी आहेत.
मॅट नवी, निळी. मोर नाही.
"ये की, बस," म्हणालीस, खुर्ची दिलीस
आणि शिट्टी फुंकलीस.
पिवळ्या टीशर्टातली बारकी, बहुतेक चिप्पांची,
वाकली, हात पुढे, नजर चोख,
आणि तिची टाच.

मी खुर्चीतूनच ओरडले,
"पोरी, टाच टेकव!"

शिट्टी तुझ्या तोंडातच राहिली.
तू वळलीस. मोडका कान माझ्याकडे करून
थोडा वेळ तशीच उभी राहिलीस,
मग खाली पाहिलंस,
स्वतःच्या उजव्या पायाकडे.