पाण्याच्या पाळीला

पाचव्या दिवशी, रात्री दीडला
आमच्या गल्लीत पाणी सोडतात.
बारापासूनच घागरी रांगेत,
घागरींमागं आम्ही,
आणि दगडी ओट्यावर इरय्या तात्या,
जुन्या मिलचा साचेवाला,
रद्दीच्या दुकानातून विज्ञानाची पुस्तकं किलोनं आणणारा.

वैशाखात दगड मध्यरात्रीही निवत नाही.
झोप नसली की माणसाला प्रश्न पडतात.

"तात्या, नवा टॉवेल पाणी का टिपत नाही ओ?"
तात्या खुलतो. घरचाच प्रश्न.
"सुताला खळ असतीय बे. चार धुण्यांत निघते,
मग तहान लागते त्याला."

शांतव्वाचं माठाचं.
"माठाला घाम येतो, वाळताना ऊब घेऊन जातो.
तुझंही तसंच की.
उन्हात कुणाचा घाम थांबला अन् बडबड सुरू झाली,
तर त्याला ओलं कर, पाळी सोड, दवाखाना गाठ."

"कडक भाकरी महिनाभर कशी टिकती?"
"ओल नाही तिथं बुरशीला काय काम?"

"चांदणी का लुकलुकती?"
"ती गप्पच असते. मधली हवा हलते."

"एकाची जांभई दुसऱ्याला का लागते?"
हे विचारता विचारता महबूबनं जांभई दिली,
मग शांतव्वानं, मग सगळ्या रांगेनं,
शेवटी तात्यानंही, तोंडावर पंचा धरून.
"नक्की ठाऊक नाही कुणाला," म्हणाला,
"अजून शोधायलेत."

एकदा मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं,
तुम्ही एवढं मोठ्यानं का बोलता?
आईनं दंडाला चिमटा काढला.
असलं विचारत नसतात.
पण तात्याला प्रश्न म्हणजे प्रश्न.
"कानात आत बारीक केस असतात,
उभ्या ज्वारीसारखे.
तीस वर्षं साचे चालले त्यांच्यावरनं.
आडवे झाले.
ज्वारी एखादवेळ उठती परत. हे नाही उठत."

आणि शेजारची वाटी रिकामी का परत करत नाहीत?
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.
बराच वेळ टाचेची भेग चोळत बसला.
"रिकामी वाटी लई वाजते," एवढंच म्हणाला,
ज्याला वाटीचा आवाज येत नव्हता तो.

त्या रात्री भागू होती रांगेत,
बाप जाऊन तिसरा आठवडा.
आईच्या विड्यांचा वास तिच्या परकरालाही.
तिनं विचारलं, हळूच,
"मेल्यावर माणूस कुठं जातो?"

तात्याला ऐकू आलं,
मिलवर माणूस कुठं जातो.

"आत कुणी जात नाही आता, पोरी," तो म्हणाला, नेहमीसारखा मोठ्यानं.
"गेटला कुलूप. चिमणीत पारवे.
भोंगा पण नेला कुणी तरी भंगारात.
पण सकाळचे सात वाजले की
हात अजून खुंटीवर डबा शोधतो.
डोक्याला कळलंय. हाताला कळायला
वेळ लागतो."

रांगेत कुणी खोकलंसुद्धा नाही.
महबूबनं तोंड उघडलं होतं, मिटलं.

भागूनं मान हलवली.
"आईचा पण," म्हणाली.

मग नळ खाकरला.
आधी नुसती हवा, मग तांबूस, मग पाणी.
घागरी एकमेकींवर आपटल्या, झोप उडाली,
कुणाचं तरी झाकण गटारीत गेलं, शिव्या झाल्या.

भागूची घागर पहिली भरली.
तिचा नंबर अकरावा होता.
का, ते कुणी विचारलं नाही.